बाहेर शुक्रवार, आत रविवार

शनिवार, दुपारचे सव्वातीन. सडक अर्जुनी, हायवेला लागून असलेल्या टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस. ऑपरेटरच्या खुर्चीत मी बसलो होतो, ऑपरेटर घरी बसली होती आणि स्क्रीनवर सात ओळींची तक्रार आली होती.

त्या सात ओळींवर येतोच. पण पेपरच्या ऑफिसात किस्से रद्दीसारखे साठतात आणि खालचा गठ्ठा ओढल्याशिवाय वरचा हलत नाही. तीस वर्षं बातमीदारी करतो आहे. ठाणेदारांशी भांडलो, सभापतींशी भांडलो. पण त्या सगळ्यांनी मिळून जेवढे किस्से दिले नाहीत, तेवढे आमच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरने चार वर्षांत दिले.

*

हा कॉम्प्युटर बसवला नीलेशने. पोरगा इथलाच, इंजिनिअर झाला, आता हैदराबादला असतो. आमच्या जुन्या मशीनला दर महिन्याला व्हायरस लागायचा, म्हणून त्याने जाण्याआधी त्यावर एक वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. फुकटची, मजबूत आणि जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडेही नसलेली!

बाबूजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, संपादकांनी आणि जाहिरात विभागाने (तिन्ही एकच गृहस्थ), त्याला विचारलं, "इसमें वायरस नहीं आएगा?"

"नाही येणार, बाबूजी."

"काऊन?"

"याच्यावर कोणीच येत नाही. तो काऊन येईल?"

पहिल्यांदा मशीन अडलं तेव्हा गोंदियाहून मेकॅनिक बोलावला. त्याने स्क्रीन पाहिली. काळ्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. त्याने विचारलं, "बंद करके चालू किया?"

"केलं," आमची ऑपरेटर म्हणाली.

त्याने बॅगेची चेन लावली. "तो फिर मुझे किसलिए बुलाया?"

*

ही ऑपरेटर म्हणजे ललिता. कोहमाऱ्याची. बी.ए. झालेली, नवरा ट्रकवर, घरात सासू आणि दोन मुली. घर तिच्या पगारावर चालतं, कारण ट्रकवाला महिन्यातून कधी येईल ते ट्रकवाल्यालाही ठाऊक नसतं. या मशीनची भाषा जिल्ह्यात एकट्या तिला येते, तीही नीलेशने फोनवरून शिकवली म्हणून.

आमची पानं एक बिल्ड टूल बांधतं. प्रत्येक बातमीची फाईल वेगळी. हुकूम दिला की टूल सगळ्या फाईली गोळा करून पान बनवतं. जमलं नाही की एरर देतं आणि त्या एररला नंबर असतो. आतल्या कामात चूक सापडली की 'एरर एक'. ते काम ज्याने सांगितलं, तो वरचा भागही मग हात वर करतो, 'एरर दोन'. चूक तीच, बोंब दोनदा.

बाबूजी एकदा तिच्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीन वाचली आणि भडकले, "कल तो एक थी! आज दो कर दी? ललिता, तू दिवसभर का करून राहिली?"

ललिता वळलीही नाही. "वाढवून राहिली, बाबूजी. दिवाळी अंकापर्यंत दहा करून देतो."

*

आमचा अंक रविवारचा. पण तो बनतो शुक्रवारी, छापून होतो शुक्रवारी रात्री आणि वाटला जातो शनिवारी. पानावरची तारीख टूल मशीनच्या घड्याळातून स्वतःच उचलतं. त्यामुळे ललिताने पहिल्याच महिन्यात एक रीत पाडली. शुक्रवारी सकाळी आली की पंखा लावायचा, देवाला उदबत्ती दाखवायची आणि मशीनचं घड्याळ दोन दिवस पुढे करायचं. नीलेशला हे कळलं तेव्हा तो फोनवर ओरडला होता, "ताई, घड्याळाशी खेळू नका!" पण तोवर सवय हाडात मुरली होती.

एका शुक्रवारी एका सरकारी ऑफिसचा शिपाई प्रेसनोट घेऊन आला. पोच हवी होती. ललिताने स्क्रीनकडे पाहिलं, सही केली आणि खाली रविवारची तारीख टाकली.

"बाई, आज शुक्रवार हाय!"

"बाहेर," ललिता म्हणाली. "आत रविवार हाय."

शिपाई माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली. पोच त्याने तशीच नेली. त्याच्या ऑफिसातही कोणाच्या लक्षात आलं नाही!

*

पानं ईमेलने गोंदियाच्या छापखान्यात जातात. एकदा संध्याकाळ झाली तरी छपाई सुरू होईना. मी फोन केला. फोरमन शांत होता.

"मेल मिला?"

"मिला, साहब."

"मग छापत का नाही?"

"इतवार की तारीख का मेल है. इतवार को खोलूँगा न!"

तेव्हापासून ललिता पानं बांधून झाली की घड्याळ परत शुक्रवारवर आणायची आणि मगच मेल करायची. मेल गेला की साडेपाचची बस.

*

कोहमाऱ्याला एका ढाबेवाल्याचा थोरला भाऊ वारला. घरच्यांनी शोकसंदेश दिला, सोबत दोन भावांचा एकत्र फोटो. आमच्याकडून कापताना चुकीचा भाऊ राहिला. नमुना म्हणून पान घरच्यांच्या मोबाईलवर गेलं आणि अर्ध्या तासात धाकटा भाऊ, म्हणजे ढाबेवाला, मोटरसायकलवरून आमच्या जिन्यात.

"ललिता! मी का मेलो का वं?"

"नाही ना भाऊजी, बसा. आत्ता बदलतो."

तिने फोटो बदलला, हुकूम दिला. टूलचं उत्तर: 'पान ताजं आहे, करण्यासारखं काही नाही.' पुन्हा दिला. पुन्हा तेच. पानावर ढाबेवाला हार घालून हसत होता.

"मी समोर बसून राहिलो ना! तुमच्या मशीनले दिसून नाही राहिलं का?"

नीलेशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. टूल फक्त तारखा बघतं. पान बांधलं तेव्हा घड्याळ रविवारवर होतं. फोटो बदलला तेव्हा घड्याळ शुक्रवारवर आलेलं. टूलच्या लेखी पान नवं, दुरुस्ती जुनी. जुन्या गोष्टीसाठी ते कशाला उठेल?

"मग का करू?" ललिताने विचारलं.

"जुनं पान उडवा. मग बांधा."

फोन कानाला असतानाच ललिताने सवयीने घड्याळ रविवारवर नेलं, पान उडवलं, नवं बांधलं, घड्याळ परत आणलं. ढाबेवाला जिवंत झाला. त्याने सगळ्यांना चहा पाजला, मग तेराव्याचं आमंत्रण देऊन गेला.

पुन्हा अडायला नको म्हणून ललिताने मशीनच्या वर भिंतीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: 'बातमी सेव्ह करा. जुने पान उडवा. बांधा.' खाली हुकूमही लिहिले. कोणालाही वाचून करता येईल इतकं सोपं. घड्याळाचं मात्र लिहिलं नाही. उदबत्तीचं तरी कोण लिहून ठेवतं?

*

आता टाकी.

तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली. मी टाकीच्या मागे जाऊन पाहिलं. टाकीला पाइपच नव्हता. ना चढणारा, ना उतरणारा. गावातल्या बाया खाली घागरी घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "पाणी नाही तं नाही, सावली तं पडते!" मी बातमी तशीच लिहिली, म्हातारीसकट. शुक्रवारी दुपारी पहिलं पान मी स्वतः वाचून मंजूर केलं.

शनिवारी सकाळी गठ्ठे आले. पहिल्या पानावर टाकी होती, फीत होती, भाषणं होती. पाइपचा परिच्छेद नव्हता. म्हातारीही नव्हती. शेवटच्या पानावर टाकीच्या ठेकेदाराची पाऊणपानी अभिनंदनाची जाहिरात होती.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा बाबूजी फोनवर ललिताला घरी बसवत होते.

"सोमवारपासून येऊ नको. आधी बातमी अर्धी खाल्ली आणि वरून पहिल्या पानाची तारीख भी गलत डाली!"

मी अंक उघडला. खरंच होतं. चार वर्षांत पहिल्यांदा पहिल्या पानावर शुक्रवारची तारीख छापली गेली होती.

"बाबूजी, परिच्छेद कोणी काढला?"

"कंप्यूटर की गलती. नाही तं तिची. मले तं माऊस भी धरता नाही येत, पत्रकार साहेब. तुम्हाले ठाऊक हाय."

ते जेवायला गेले. मी ललिताला फोन लावला. ती रडत नव्हती. "भाऊ, मी पाच वाजता पान पाठवलं, तवा म्हातारी होती त्याच्यात. आता मुलींच्या शाळेत फीचं का सांगू, ते सांगा."

म्हणून सव्वातीनला मी तिच्या खुर्चीत बसलो. हैदराबादला फोन लावून ठेवला आणि भिंतीवरचे हुकूम एका बोटाने टाइप केले. टूल कुरकुरलं: 'या फाईलची तारीख भविष्यातली आहे.' एकेका बातमीचं नाव घेऊन, एकाखाली एक.

"बरोबर आहे, काका," नीलेश म्हणाला. "ताईंनी हात लावलेलं सगळं रविवारचं असतं. आज शनिवार आहे, म्हणून ते बोंबलतंय. ओळी किती आहेत?"

"सात."

"आणि पानावर बातम्या?"

मी मोजल्या. दोनदा मोजल्या.

"आठ."

मग त्याने आठव्या फाईलची वेळ काढायला लावली. टाकीची फाईल. शुक्रवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. "काका, हिला हात लावणाऱ्याने घड्याळ पुढे केलंच नाही."

मी त्या वेळांचा कागद प्रिंट केला आणि फोरमनला फोन केला. "दो मेल आए थे, साहब. दूसरा साढ़े छह के करीब. लिखा था, यही छापना." दोन्ही मेल ऑफिसच्याच पत्त्यावरून. पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला असतो.

मग कोहमाऱ्याला गेलो. ढाबेवाल्याने स्वतःहून कागद मागितला आणि लिहून दिलं की शुक्रवारी सहाच्या आधी ललिता त्याच्या ढाब्यासमोर बसमधून उतरली आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्या सुनेशी बोलत उभी होती. सही करून म्हणाला, "तुमच्या पेपरात मी एकदा मेलो होतो. साक्ष चालते ना माझी?"

दोन्ही कागद सोमवारी बाबूजींच्या टेबलावर ठेवले. ललिताला परत बोलवा, असं लेखी दिलं. ऑफिसच्या किल्ल्या दोन. एक ललिताकडे असते. दुसरी बाबूजींच्या कमरेला.

बाबूजींनी कागद वाचले, घडी केली, खिशात ठेवले. "कंप्यूटर का क्या भरोसा," म्हणाले.

आज तिसरा आठवडा. ललिताची खुर्ची रिकामी आहे आणि माझ्या पत्राला उत्तर नाही. पण तो अंक तालुकाभर वाटला गेला आहे, अजूनही कोणत्याही हॉटेलात सापडेल. आतल्या पानांवर रविवार आहे. पहिल्या पानावर शुक्रवार.