नाव एकदाच

पनवेलच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरच्या नोंदी ठेवणारा आमचा प्रोग्राम लिस्प या संगणकाच्या भाषेत आहे. त्यात पूर्वी प्रत्येक ओळीत ‘या कंटेनरचं वजन’, ‘या कंटेनरचं सील’ असं लांबलचक लिहावं लागे. तिनं त्यावर मॅक्रो, म्हणजे लिहिण्याचा शॉर्टकट, केला. कंटेनर सुरुवातीला एकदाच सांगायचा, पुढे नुसतं ‘वजन’, ‘सील’ लिहायचं. बाकीचं मॅक्रो भरतो.

ती बोलतेही तशीच. सकाळी एकदा “सासूबाई” म्हणते, मग जेवणापर्यंत नुसतं, “गुडघा बरा हाय. गोळी नाय घेतली. रुसवा हायच.” कुणाचा, ते आपण लक्षात ठेवायचं.

गेल्या आठवड्यात मी त्या मॅक्रोच्या आत हिशेबाच्या सोयीसाठी वजन शून्य केलं. मला वाटलं, ते तेवढ्यापुरतंच राहील. पण खऱ्या कंटेनरच्याच नोंदीत शून्य पडलं आणि ट्रेलर बंदराच्या गेटवर अडकला. साहेबांनी मॅक्रोला दोष दिला, तो काढून टाकायला सांगितलं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला नेहमीच सोपं गेलंय. ती मात्र तेव्हापासून एकेक ओळ पुन्हा लांब लिहीत बसली आहे.

आज अखेर तिला म्हणालो, “ते शून्य मी केलं होतं.”

“माहीत हाय, दादा.” तिची बोटं थांबली नाहीत. “मला सांगून काय उपयोग? साहेबांकडं चला. तुमचं नाव तुमी एकदाच घ्या, पुढचं मी भरते.”

मी खुर्ची मागे सारली.