वादीचं म्हणणं

गावाकडच्या आमच्या रानात जायची गाडीवाट चुलत्याच्या बांधावरून जाते. म्हणजे जायची. वडील गेले आणि चुलत्यानं तारेचं कुंपण घालून ती बंद केली. वाट नसली तर ऊस काय डोक्यावरून आणायचा? आईनं कोल्हापूरच्या कोर्टात दावा लावला. वाटेचा कागद नव्हता. आजोबांनी दोन्ही भावांना बांधावर उभं करून ती तोंडी ठरवून दिली होती. त्या वेळी हजर असलेल्यांत चुलता सोडला तर आता एकटी आई उरली होती. आमचा सगळा दावा म्हणजे आईची आठवण, दुसरं काही नाही.

चुलत्यानं तीस दिवसांत कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, द्यायचं होतं. तिसाव्या दिवशी त्याच्या वकिलानं मुदतीचा अर्ज दिला, कागदपत्रं मिळायची आहेत म्हणून. पुढच्या तारखेला पक्षकार आजारी. त्याच आजारी पक्षकाराला मी सकाळी स्टँडवर मिसळ चापताना पाहिलं होतं. सणकच गेली माझ्या डोक्यात. जज्जसाहेबांनी 'शेवटची संधी' असं लिहून मुदत दिली. अशा शेवटच्या संधी तीन झाल्या.

असा अर्ज आला की साहेब विचारतात, "वादीचं म्हणणं?" मुदत द्यायला तुमची हरकत आहे का, एवढाच त्याचा अर्थ. पण आईला वाटायचं, आता आपल्याला बोलायला सांगितलं. ती पदर सावरून उठायची. आमचे वकील तिला हातानं खाली बसवायचे आणि अर्जावर लिहायचे, 'हरकत नाही.' मी बाहेर येऊन त्यांना धारेवर धरलं. हरकत कशी नाही म्हणता?

"ताई, उद्या मला मुदत लागली तर ते देतील की," ते म्हणाले. "रोज एकमेकांची तोंडं बघायचीत आम्हाला." आणि दोघे वकील मिळून चहाला गेले.

तिसऱ्या वेळी मात्र आई बसली नाही. "सांगते की साहेब," म्हणाली आणि सुरूच झाली. जांभळापासनं डाव्या हाताला, विहिरीला वळसा घालून, पाटावरच्या फरशीवरनं थेट आमच्या खोपीपर्यंत. सासऱ्यानं काठी कुठं रोवली, दीर कुठं उभा होता, तिच्या कडेवर कोण होतं. कडेवर मीच होते. ती एकदाही अडखळली नाही. चुलता खाली मान घालून बसला होता. तिचं झाल्यावर साहेब म्हणाले, "आजी, हे साक्षीच्या वेळी सांगा. आज फक्त मुदतीचा अर्ज आहे." त्यातलं एक अक्षर कुठं लिहिलं गेलं नाही. मुदत मात्र मिळाली.

कैफियत आली, मग साहेबांची बदली झाली, मग नव्या साहेबांपुढं तारखा. आई आधी नावं विसरायला लागली, मग गॅसवरचं दूध, मग घरातली न्हाणी कुठं आहे ते. तिची साक्ष लवकर घ्या म्हणून मी वकिलांच्या हात धुऊन मागं लागले. त्यांनी अर्ज दिला. त्यावर म्हणणं द्यायला चुलत्याच्या वकिलानं मुदत मागितली.

शेवटी आई पिंजऱ्यात उभी राहिली. उलटतपासात चुलत्याच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "आजी, वाट कुठनं जायची?"

तिनं कठड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली. "सांग की गं, तुला म्हाईत हाय न्हवं."

साहेब म्हणाले, मध्ये कुणी बोलायचं नाही. मला वळणन् वळण पाठ होतं. पण तिनं डोळ्यांनी पाहिलेलं, माझं नुसतं ऐकीव, आणि ऐकीव कोर्टात चालत नाही. इतकी असहाय मी वडील गेले तेव्हाही झाले नव्हते. 'मला आठवत नाही' असं टाईप झालं आणि त्याखाली तिचा अंगठा घेतला.

जिना उतरताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. "बरूबर सांगितलं न्हवं म्या?"

"व्हय," मी म्हटलं. "सगळं बरोबर सांगितलंस."