बिरप्पाअण्णांनी सोडवलेलं सूत

बिरप्पाअण्णांना वाचता येत नाही. पण मी पुस्तक उलटं धरून बसलोय हे ओळखलं त्यांनीच.

"काय रं मास्तर, हिंदुस्तानाचं शेपूट वर कसं गेलं?"

पाहतो तर खरंच, नकाशातली लंका आभाळात. ते पान मी अर्धा तास वाचत होतो.

सन एकोणीसशे बत्तीस. मॅट्रिकला आठ दिवस होते. गावची, मंद्रूपची शाळा संपवून मी चार वर्षं शहरात सात रस्त्यापलीकडे अण्णांच्या पडवीत राहत होतो. अण्णा घोंगड्या विणतात. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे राग आला की कानडी बोलतात, माया आली की मराठी. दोन्ही थोडंच. घरातलं बाकी सगळं बोलणं त्यांच्या बायकोकडे, चिमाबाईंकडे.

दोन महिने मी पहाटे चारला उठून सनावळ्या, प्रमेयं आणि संस्कृतची रूपं घोकत होतो. आता नवं शिरेना आणि जुनं सापडेना. पानिपतचं साल आठवायला जावं तर त्रिकोण समोर येई. ताटातली भाकरी तशीच राही. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या फॉर्मवर सही करणारा मी पहिला. परीक्षेला बसलो नाही तर वडील तलाठ्याच्या हाताखाली नकला करायला बसवणार हे ठरलेलं होतं. त्या दिवशी मला तलाठी देवमाणूस वाटला. मी ट्रंक भरली. दुपारी मंद्रूपची बैलगाडी निघणार होती.

अंगणात लिंबाखाली अण्णांनी ताणा, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, ताणून बांधला होता आणि ते कुंच्यानं खळ लावत होते. चिमाबाई भाचीच्या बारशाला अक्कलकोटला गेलेल्या.

"निघालास?"

"हो."

"जा की. गाडीला येळ हाय. तवर त्या टोकाकडनं कुंचा मार. ऊन चढाय लागलंय."

खळ म्हणजे चिंचोक्यांची पेज. ती लावली की लोकरीचं सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. हे मला ठाऊक नव्हतं. आणि मॅट्रिकवाल्याचं थोडक्यात भागत नाही. मी ओल्यावरच दुसरा हात दिला, वर तिसरा. तासाभरात शेकडो धागे एकमेकांना चिकटून त्यांची फळी झाली.

अण्णांनी तिच्यावर बोट वाजवून पाहिलं. "लई अभ्यास केलास," म्हणाले.

"आता हो?"

"आता काय? येकेक धागा सोडवायचा. म्या येकटा बसलो तर फुडल्या शिमग्यापतूर हुईल."

एवढं ऐकल्यावर गाडीत कोण बसणार? गाडी गेली, मी राहिलो.

तीन दिवस आम्ही समोरासमोर बसून सूत सोडवलं. बोट ओलं करायचं, धागा चोळायचा, नखानं अलगद सुटा करायचा. घाई केली की तुटे, मग अण्णा मुकाट्यानं गाठ मारत. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्या मेंढ्यांना शिव्या दिल्या. संध्याकाळी मात्र तीन भाकरी खाल्ल्या आणि अंधार पडताच तिथंच घोरलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा बोलायला लागले. बारा वर्षांचे असताना रोगानं बापाची मेंढरं गेली, म्हणून मामानं मागावर बसवलं. पहिली घोंगडी इतकी वाकडी झाली की मामानं ती कुत्र्याला टाकली.

"मग?"

"कुत्रं बसंना की तिच्यावर!"

मी हसलो. किती महिन्यांनी, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी न आठवता पानिपत आठवलं. सतराशे एकसष्ट, सैन्यं, सरदार, सगळं मी अण्णांना सांगून टाकलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आन् तोफा वडणाऱ्या बैलांचं काय झालं रं?"

ते पुस्तकात नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी चिमाबाई आल्या. सूत पाहिलं, माझी बोटं पाहिली. मी सगळा गुन्हा कबूल केला.

"अगं बया! मग कोमट पाण्यात बुचकळायचं न्हाय व्हय? घटकाभरात खळ सुटती की! जन्म गेला ह्या मानसाचा घोंगड्या विणन्यात!"

मी अण्णांकडे पाहिलं. ते लिंबाच्या शेंड्याकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

"इसरलो," म्हणाले.

"इसरत्यात कशाचं!"

मी ट्रंक उघडून पुस्तकं बाहेर काढली. उरलेले दिवस दोन तास वाचायचं, मग उठून अंगणात यायचं, असं केलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी दोन भाकरी खाऊन निघालो.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झालो. माझं नाव यादीत शेवटाकडून शोधलं तर लवकर सापडतं, पण आहे. कॉलेजला पुण्याला जायचं ठरलं.

पेढे घेऊन मी आधी अण्णांकडे गेलो. ते मागावर होते. त्यांचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात असतात. पाया पडायला मी वाकलो, आणखी वाकलो, हात काही पोचेना.

"पडशील भाड्या!" अण्णा ओरडले. "झालास न्हवं पास? मग बास की. माजे हात गुतल्यात, पेढा तोंडात घाल."

मी पेढा भरवला. तो चघळत त्यांनी आडव्या सुताचा धोटा पलीकडे टाकला.