शेडमधली भिंत

ठमाबाई मिरकरवाडा बंदराजवळच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायची. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांची सालं निघाली होती. पण नवरा, महिपत, दम्याने घरी बसला तेव्हापासून घर तिच्यावरच होतं. शेजारच्या पाटावर गंगुबाई बसायची. दोघी एकाच आळीत लग्न होऊन आलेल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी.

२००१ साली गणपती झाल्यावर मालक श्यामशेठने शेडच्या मधोमध भिंत घालायला घेतली.

"परदेशी गिऱ्हाईक माल बघायला येणार. स्वच्छता लागते," शेठ म्हणाले.

ठमाबाईला काही पटेना. स्वच्छता हवी तर नळ वाढवा, फरशी बदला. भिंतीने कोळंबी स्वच्छ कशी होणार? आणि ती भिंत छपराला टेकलीसुद्धा नाही. पलीकडे मात्र नवं दार फोडलं आणि त्यावर शेठच्या बायकोच्या, नीरजावहिनींच्या नावाची पाटी लागली. निम्म्या बायकांना सांगितलं, उद्यापासून तुम्ही वहिनींच्या. गंगुबाई तिकडे गेली. बर्फ मात्र दोन्हीकडे एकाच मशीनचा यायचा.

इकडच्या बायकांत योगिनी होती, पोटुशी. कारखान्यात बाळंतपणाची पगारी रजा मिळते, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. ठमाबाई तिला घेऊन सरकारी कामगार कचेरीत गेली.

तिथल्या कारकुनाने विचारलं, "विजेवर मशीन चालतं ना? मग दहा माणसं असली की तो कारखाना. तुमच्याकडे किती?"

"आम्ही आठ जणी. भिंतीपलीकडे आठ."

"पलीकडचा मालक कोण?"

"त्याचीच बायको."

"पण कागदावर दुसरी. म्हणजे दोन जागा झाल्या. दोन्हीकडे दहाच्या आत. हा कायदा तुम्हांला लागत नाही, बाई."

 परतताना ठमाबाईचं डोकं चालू झालं. भिंत रजा टाळायलाच घातली, तर रजेचं शेठला कळलं कसं? तिच्या माहितीप्रमाणे योगिनीने ते फक्त दोघींना सांगितलं होतं, तिला आणि गंगुबाईला. आणि वहिनींच्या बाजूला गंगुबाईला सावलीतली, वाऱ्याची जागा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने गंगुबाईला नळावर गाठलं. "काय गो, शेठचे कान भरून किती मिळालं?"

गंगुबाईने नळाखालचा हंडा ओढून घेतला. बाकीच्या बायका ऐकत होत्या. "तोंड सांभाळ, ठमे," एवढंच म्हणाली आणि हंडा अर्धाच भरून निघून गेली. त्यानंतर भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, पण बोलणं बंद. हळूहळू इतर बायकांचंही तसंच झालं. तिकडे मोठी कोळंबी देतात, असं इकडच्या म्हणायच्या. इकडच्या चहाड्या करतात, असं तिकडच्या.

योगिनीला मुलगी झाली. पगार मिळाला नाहीच. बारशाला ठमाबाई गेली तेव्हा बोलता बोलता योगिनी म्हणाली, "शेठ तसे वाईट नव्हते वाटत. कितवा महिना, म्हणून मायेने विचारलं त्यांनी. तेव्हाच मी रजेचं विचारलं होतं."

"कधी विचारलंस?"

"भिंतीच्या आधी. का गो मावशी?"

ठमाबाई पाळण्याजवळून उठली ती थेट गंगुबाईच्या दारात.

"चुकलं माझं."

गंगुबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "आज चुकलं म्हणतेस. उद्या परत काही झालं, तर पहिली माझ्याकडेच बघशील."

ठमाबाईला नाही म्हणवेना. ती स्वतःला ओळखून होती.

त्या शेडमध्ये तिचं मन पुन्हा लागलं नाही. पुढच्या हंगामात काम सोडून ती मांडवीच्या रस्त्यावर पाटी घेऊन मासे विकायला बसली. गंगुबाई शेडमध्येच राहिली. एका रविवारी ती पाटीसमोर येऊन उकिडवी बसली.

"बांगडा ताजा हाय," ठमाबाई घाईने म्हणाली.

"तू म्हणतेस म्हणून?" गंगुबाईने एकेक बांगडा उचलला, कल्ले उघडून लालपणा बघितला, दोन बाजूला टाकले, चार पिशवीत घातले. पुढच्या रविवारीही ती आली, आणि पुन्हा प्रत्येकाचे कल्ले उघडून बघू लागली. ठमाबाईने तिला बघू दिलं.