दुपारचे तास

शहरातल्या कात्रप भागात एका इमारतीच्या गच्चीवर हवा मोजणारं यंत्र होतं. ते सांभाळायचं काम चिंतामणी दिघ्यांकडे. त्यातला ओझोनचा आकडा फार छळायचा. हा वायू कुठल्या चिमणीतून थेट निघत नाही. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात तापला की हवेतच तयार होतो. म्हणून तो चढायचा दुपारी. आठ तासांची सरासरी शंभर मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असं मानक. मार्च लागला की ती एकशे तीसवर जायची.

"दुपारचे तास कॅलिब्रेशनमध्ये दाखवा ना," यंत्र चालवणाऱ्या एजन्सीचे मॅनेजर नरेंद्र म्हणाले. यंत्र तपासणीत आहे अशी खूण केली की ते तास सरासरीतून गळतात. चिंतामणींनी एकदा केलं, मग सवयच लागली. तीन वर्षांत आलेख छान उतरला. 'हवा सुधारतेय' असं अहवालात छापूनही आलं.

जवळच्या चामटोली गावच्या ठमाबाई चिंतामणींच्या सोसायटीबाहेर आपल्या शेतातली भाजी विकायच्या. एका सकाळी त्यांनी चवळीची पानं पुढे केली. वरच्या अंगाला तांबूस ठिपके, शिरा तेवढ्या हिरव्या.

"साहेब, तुमी हवेवाले. हवेत तर काय नाय ना?"

ओझोनने पानं अशीच करपतात, हे चिंतामणींनी ट्रेनिंगमध्ये फोटोत पाहिलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "छे! हवा चांगली आहे, मी स्वतः मोजतो. औषध चुकलं असेल."

आठवडाभर ठमाबाई दिसल्या नाहीत. आल्या त्या रडवेल्या होऊन. औषध मारलं होतं मुलाने, नाथाने. त्या त्याला नको नको ते बोलल्या. त्याने रागाच्या भरात सगळी चवळी उपटली आणि बायकोला घेऊन सासुरवाडी गाठली.

रविवारी चिंतामणी चामटोलीला गेले आणि ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना ते कळायला जरा वेळ लागला.

"म्हंजे माझ्या पोराचं काय चुकलं नवतं?"

"नाही."

"मंग मी विचारलं तवा का नाय बोललात?"

ठमाबाईंनी नाथाला फोन लावून मोबाइल चिंतामणींच्या हातात दिला. "त्यालाच सांगा."

अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यादेखत चिंतामणींनी, पन्नाशीच्या माणसाने, अडखळत म्हटलं, "नाथा, मी खोटं बोललो." पलीकडून फोन कट झाला.

सोमवारी त्यांनी तीन वर्षांच्या खोट्या खुणांची यादी केली, खाली सही केली आणि प्रदूषण मंडळाकडे पाठवली. महिन्याभरात नोकरी गेली. नाथा मात्र परत आला. आता तो रस्त्यात समोर आला की चिंतामणीच मान खाली घालतात.