भावकीची भवानी

धनाजीला पुण्याला परत जायचं नव्हतं. तिथली जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून आल्यावर, आता सोलापूर सुटायचं नाही, असं तो बायकोला, सासऱ्यांना आणि सात रस्त्यावरच्या चहावाल्यालासुद्धा सांगून बसला होता. मोबाईलवरच्या जाहिरातींचं त्याचं ऑफिस जिन्याखाली. पाहुणा आत आला की धनाजीनं बाहेर उभं राहायचं, इतकं प्रशस्त.

गिऱ्हाईक एकच उरलं होतं : कुंभारीचे बिरप्पामामा, घोंगड्या विणणारे. कुणी मोबाईलवर घोंगडी शोधली, की सगळ्यात वर मामांची जाहिरात दिसायची. तिच्यावर कुणी बोट दाबलं की पैसे मामांचे जायचे. दाबणारे वाढतच होते, विक्री तेवढी हलत नव्हती. "लोक बघून ठेवतात, थंडीत घेतात," असं धनाजी सांगायचा. यंदाची थंडी येऊन गेलीसुद्धा.

आणि एका सोमवारी दाबणाऱ्यांचा आकडा एकदम तळाला गेला. मामांचं कामही सुटलं, तर पुणं ठरलेलं.

जाहिरातीचे पैसे ज्यातून कटायचे, त्या कार्डाची मुदत धनाजीनं बघितली. जाहिरात वर राहावी म्हणून लावायची बोली वाढवली. कुणी दुसरा घोंगडीवाला वर चढून बसलाय का, तेही पाहिलं. सगळं ठणठणीत. "आता एखाद्या देवऋषीला दाखवा," त्याची बायको पूनम म्हणाली. शेवटी त्यानं, हे दाबणारे होते तरी कुठले, ते काढलं. जवळपास सगळे सोलापूर-अक्कलकोटकडचे, सगळे भल्या सकाळचे, आणि सगळे एकाच दिवशी गप्प झालेले.

तो दिवस त्याच्या ओळखीचा होता. मामांचे थोरले चुलते ईरप्पा त्याच दिवशी गेले होते.

तो कुंभारीला गेला. माग बंद होता. मामा डोकं भादरून ओट्यावर बसले होते.

"मामी, सकाळी जाहिरात कोण दाबतं वो?"

"आमीच की!" चिमाबाई अभिमानानं म्हणाल्या. "भवानी घरच्या हातानं झालेली बरी. समद्या भावकीला सांगून ठिवलंय, आंगूळ झाली की आदी दाबायचं, मग च्या."

"मग आता?"

"आता सुतक न्हाय का? सुतकात कुटली भवानी? तेरावं हुंदे, परत दाबतो. तोंड पाडू नगंस."

खरंच, तेराव्यानंतर आकडा आपोआप वर आला असता. कुणाला काही कळलं नसतं. धनाजीच्या जिभेवर तेच आलं होतं.

"घरचं सोडून किती रं?" मामांनी विचारलं.

त्यानं मोबाईल पाहिला. भावकी गप्प होती म्हणून बाहेरचं माणूस पहिल्यांदाच दिसत होतं.

"दोन. मामा, बाकी समदा आकडा तुमचाच हाय. मी बघायला पायजे हुतं."

मामांनी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हंजे वरीसभर आमचं आमीच..." रागावले असते तर बरं वाटलं असतं. "बंद कर बाबा," एवढंच म्हणाले.

त्यानं तिथंच जाहिरात बंद केली. मोबाईलनं दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा त्यानं हो म्हटलं.

निघताना चिमाबाई गाडीपर्यंत आल्या.

"पुण्याला जातूस व्हय आता?"

"जावं लागंल, मामी."

"बरं." त्यांनी आवाज खाली केला. "तितं बी तुझी जाहिरात असंलच की. नाव सांगून ठेव. सुतक फिटलं की तुला दाबतो समदी."

धनाजीनं मान हलवली आणि गाडीला किक मारली.