बाबांनी निवडलेला दगड

जयपूरमधल्या मानसरोवर वसाहतीच्या टोकाला, जिथे तेव्हा कॉलनी संपून बाजरीची शेतं लागायची, तिथली सरकारी शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक खेजडीचं झाड. चौथी-पाचवीचे वर्ग झाडाखाली. बाबा रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. माझी धाकटी बहीण तिथे चौथीत होती. जानेवारीत गारठून घरी यायची आणि दप्तर टाकून आधी विचारायची, "बाबा, आम्हाला खोली कधी मिळणार हो?"

त्याच वर्षी ती काविळीने गेली. आठ दिवसांत. आजही कुणी सहज "भावंडं किती?" म्हणून विचारलं की माझं डोकं फिरतं.

जयपूरला रीत आहे, गेलेल्या माणसाच्या नावाने शाळेला खोली बांधून द्यायची. दारावर संगमरवरी पाटी लागते, अमक्याच्या स्मरणार्थ, अमक्याकडून. हे करायचे बडे दुकानदार, तेही आईवडिलांसाठी. आम्ही बदलीवाले, आज इथे तर उद्या कुठे! नातेवाइकांनी बाबांना वेड्यात काढलं. बाबा एवढंच म्हणाले, "तिने मागितली होती."

खोली बांधून झाली. पाटी कोरणाऱ्याने पातळ दगड पुढे केला, सगळे हाच नेतात म्हणाला. बाबा ऐकेनात. "नहीं भैया, मोटा दो. पतला टूट जाएगा." नाव कोरून झाल्यावर स्कूटरवर मागे बसून तो धोंडा मी मांडीवर घेतला. मांड्यांना रग लागली. शाळेच्या फाटकाशी उतरताना हिसका बसला आणि डावीकडचा खालचा कोपरा उडाला. मला वाटलं, आता बाबा ओरडणार. त्यांनी नुसता कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

मग शेतं गेली, फ्लॅट आले. पोरं वाढली तशा खोल्याही वाढल्या, प्रत्येक दारावर कुणाची ना कुणाची पाटी. शेवटी हुकूम आला, हे सगळं पाडून दुमजली इमारत बांधायची. तोवर बाबा रिटायर होऊन भुसावळला गेले होते आणि वर्षभरात वारलेही. मी लग्न होऊन मानसरोवरातच राहिले होते. आईचा रोज फोन, "तेवढी पाटी सांभाळायला सांग गं त्यांना."

मी शाळेत गेले. पाडलेल्या भिंतींशी पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. पातळ होत्या त्यांचे तुकडे झालेले, आमची मात्र धडधाकट. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चिंता मत कीजिए, नई बिल्डिंग में ज़रूर लगेगी." रिक्षा बाहेर उभी होती. तेव्हाच उचलून आणायला हवी होती! पण शाळेची पाटी शाळेतच शोभते, असं मला वाटलं. मूर्ख कुठली.

उद्घाटनाला सगळी दारं पालथी घातली. वरच्या मजल्यावर चौथीच्या दारावर एक जाड पाटी होती, कुणा ठेकेदाराच्या वडिलांच्या नावाची. खालचा कोपरा उडालेला, फक्त आता उजवीकडे. मी अंगठा फिरवून पाहिला. आमचीच होती. उलटी करून मागच्या बाजूला नवीन नाव कोरलं होतं, आणि माझी बहीण भिंतीकडे तोंड करून आत चिणली गेली होती.

मी भर समारंभात भांडले. लोक बघत राहिले. मुख्याध्यापिकांना माझा राग कळेचना. "कमरा ही नहीं रहा, तो पत्थर किसका? अच्छा मोटा था, पीछे से साफ़ था. बाकी तो सब टूट गए."

संध्याकाळी आईचा फोन आला.

"लागली का गं?"

"लागली."

"कुठे?"

"चौथीच्या वर्गावर."

"नीट पक्की बसवलीय ना? पडायची नाही ना?"

"नाही गं आई. सिमेंटात बसवलीय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.  आई समाधानाने म्हणाली, "बघ, ह्यांनी जाड दगड घेतला म्हणून टिकली."